रॉकेटला 'आठवं आश्चर्य' म्हणायचं का?

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. त्यानंतर भाषणांत, निबंधांत, व्हॉट्सॲपवर एक वाक्य तुमच्याही कानावर आलं असेल : 'रॉकेट हे जगाचं आठवं आश्चर्य आहे.' कुणी सरळ विधान करतं, कुणी वादविवादाचा विषय म्हणून ठेवतं. ऐकायला बरं वाटतं आणि टाळ्याही मिळतात.

या लेखात मला ते वाक्य तपासायचंय. तुमच्यातले बरेच जण पेट, नेट-सेटच्या किंवा पीएचडीच्या मुलाखतीच्या तयारीत आहेत. 'अमुक गोष्ट तमुक म्हणवून घ्यायला लायक आहे का?' या साच्याचे प्रश्न तुम्हाला पुढे सतत भेटणार. हे मटेरियल 'चांगलं' आहे का? ही पद्धत 'क्रांतिकारक' आहे का? असा प्रश्न आला की हो-नाहीच्या आधी त्यातला एकेक शब्द उलगडायचा असतो. तोच सराव आज रॉकेटवर करू.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते : नाही. पण रॉकेट कुठे कमी पडतं म्हणून नव्हे. हा किताब चुकीची गोष्ट मोजतो, म्हणून.

आधी यादी कशाची आहे ते बघा

सात आश्चर्यांची मूळ यादी ग्रीकांची. त्यांनी वापरलेला शब्द होता 'थेआमाता', म्हणजे बघण्यासारख्या गोष्टी. थोडक्यात ती प्रवाशांची यादी होती. तिच्यातली सगळी ठिकाणं भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या भागातली, फार तर बॅबिलॉनपर्यंतची. भारत किंवा चीनमधलं एकही नाव नाही. 'जगातली' म्हणजे त्यांच्या जगातली. त्या सातांपैकी आज फक्त गिझाचा मोठा पिरॅमिड उभा आहे. ऱ्होड्सचा भव्य पुतळा तर जेमतेम ५४ वर्षं टिकला आणि भूकंपात पडला, तरी यादीतलं नाव कायम राहिलं.

पुढच्या याद्याही बघा. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनियरांच्या संघटनेने १९९४ मध्ये आधुनिक जगातली सात आश्चर्यं जाहीर केली : इंग्लिश खाडीखालचा बोगदा, टोरंटोचा सीएन टॉवर, एम्पायर स्टेट बिल्डिंग, गोल्डन गेट पूल, ब्राझील-पराग्वेच्या सीमेवरचं इताइपू धरण, नेदरलँड्समधली समुद्र अडवणारी बांधकामं आणि पनामा कालवा. माणूस चंद्रावर जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, तरी यादीत रॉकेट नाही. बरोबरच आहे, यादी सिव्हिलवाल्यांची होती. मग ७ जुलै २००७ ला लिस्बनमध्ये नवी सात आश्चर्यं जाहीर झाली आणि त्यात ताजमहाल आला. ती निवड इंटरनेट आणि फोनवरच्या मतांनी झाली होती आणि युनेस्कोने आपला तिच्याशी संबंध नाही असं स्पष्ट केलं होतं.

तीन याद्या, तीन परीक्षक, तीन कसोट्या. संशोधनाच्या भाषेत बोलायचं तर इथे मोजपट्टीच ठरलेली नाही. तरीही तिन्हींत काही गोष्टी समान आहेत. वस्तू एका जागी उभी असते, ती बांधून 'पूर्ण' झालेली असते आणि कुणीही जाऊन ती बघू शकतं.

आता रॉकेट घ्या. चांद्रयान-३ ला नेणारं एलव्हीएम-३ रॉकेट १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून उडालं. साधारण १६ मिनिटांनी यान त्याच्यापासून सुटलं आणि रॉकेटचं काम संपलं. बाजूचे दोन बूस्टर तर दोन-सव्वादोन मिनिटांतच गळून समुद्रात पडले होते. शिरढोणमधून मान वर केली की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. काल होता, उद्याही असेल. रॉकेट बघायचं तर श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक गॅलरीत नाव नोंदवून, दिवस साधून जायचं, आणि बघायला मिळणार ती काही मिनिटं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ ची तीन रॉकेटं आज अमेरिकेत आडवी ठेवलेली आहेत. लोक रांगा लावून बघतात. पण ती कधीच उडाली नाहीत, म्हणून तर बघायला उरली. म्हणजे रॉकेटचं स्मारक करायचं तर त्याने आपलं काम केलेलं नसावं लागतं!

यावर तुम्ही म्हणाल, जुन्या कसोट्या रॉकेटला कशाला लावायच्या? नव्या लावा. मुद्दा रास्त आहे. मग ज्या गुणांमुळे लोक रॉकेटला आश्चर्य म्हणतात तेच एकेक करून तपासू.

मोठेपणा हा गुण आहे का?

पहिला गुण आकार. एलव्हीएम-३ ची उंची ४३.५ मीटर आणि उड्डाणाच्या वेळचं वजन साधारण ६४० टन. वर्तमानपत्रांनी त्याचं बारसं 'बाहुबली' असं करून टाकलंय. कर्नाळ्याचा सुळका साधारण सव्वाशे फूट, म्हणजे ३८ मीटरच्या आसपास सांगतात. सुळक्याशेजारी रॉकेट उभं केलं तर त्याच्या डोक्यावरून थोडं वर निघेल. शिरढोण-पनवेलकडच्या माणसाला उंचीचा अंदाज यायला एवढं पुरे.

पण रॉकेट एवढं मोठं का असतं? उत्तर १९०३ मध्ये त्सिओल्कोव्हस्की यांनी मांडलेल्या समीकरणात आहे. इंधनासकट वजन भागिले इंधन संपल्यावरचं वजन, हे गुणोत्तर दोन वेगांवर ठरतं : तुम्हाला हवा असलेला वेग आणि मागून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग. पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि 'ई' (२.७१८) चा तितका घात घ्या.

आकडे घालून बघा. पृथ्वीजवळच्या कक्षेत पोचायला, हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षणाचं नुकसान धरून, सेकंदाला साधारण ९.४ किलोमीटरचा वेग लागतो. वायूचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर धरला तर गुणोत्तर येतं साधारण २३. म्हणजे जमिनीवरच्या शंभर किलोंपैकी साडेचार किलोसुद्धा शेवटी उरत नाहीत. त्यातच टाक्या, इंजिनं, वायरिंग आणि उपग्रहही बसवायचा. द्रवरूप हायड्रोजन-ऑक्सिजन वापरून वायूचा वेग ४.४ किलोमीटरपर्यंत नेला तर गुणोत्तर साडेआठपर्यंत खाली येतं, म्हणजे शंभरातले जवळपास बारा किलो उरतात. क्रायोजेनिक इंजिनासाठी एवढा आटापिटा का, ते या एका भागाकारात कळतं. आणि रिकाम्या टाक्या वाटेत फेकून देत टप्प्याटप्प्याने का जायचं, तेही.

म्हणजे आकार हा रॉकेटचा पराक्रम नाही, तो निसर्गाने लावलेला दंड आहे. एलव्हीएम-३ च्या ६४० टनांत साडेपाचशे टन इंधनच आहे. चांद्रयान-३ चं वजन होतं साधारण ३.९ टन, म्हणजे एकूण वजनाच्या फक्त ०.६ टक्के. 'बाहुबली' या नावाने सगळं लक्ष ६४० कडे जातं. इंजिनियरचं लक्ष त्या ३.९ कडे असतं. उद्या कुणी अर्ध्या वजनाचं रॉकेट करून तेवढंच ओझं नेलं, तर ते अधिक चांगलं रॉकेट ठरेल आणि फोटोत मात्र कमी आश्चर्याचं दिसेल. ज्या मोजपट्टीवर सुधारणा केली की गुण कमी होतात, ती पट्टी उलटी धरलेली आहे असं समजा.

मग काय मोजायचं?

पिरॅमिडचं मोठेपण रचण्यात आहे, दगडावर दगड, साधारण ६० लाख टन. रॉकेटशी तुलनाच करायची तर मी वेरूळला जाईन. सोळा नंबरचं लेणं, कैलास, आठव्या शतकात डोंगर वरून खाली कोरत काढलं. तिथे कौशल्य काढून टाकण्यात आहे. रॉकेटचंही तसंच. टाकीची भिंत किती पातळ करता येईल, कुठला स्क्रू नको, कुठला जोड हलका करता येईल, हेच वर्षानुवर्षं चालतं. यंत्राचा सांगाडा अपेक्षित भाराच्या किती पट मजबूत ठेवायचा, याचा एक गुणक असतो. मानवरहित रॉकेटसाठी तो साधारण १.२५ आणि माणसं नेणाऱ्यासाठी १.४ धरतात. घर बांधताना कंत्राटदार डोळे मिटून दोन सळया जास्त टाकतो. इथे ती चैन नाही.

पण कैलास आणि रॉकेटमध्ये एक फरक आहे आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. कैलास एकदाच. चुकीचा घाव बसला तर तो दगड परत चिकटवता येत नाही. रॉकेटचं मात्र 'पुढचं' रॉकेट असतं. म्हणून एका रॉकेटकडे बघून काही ठरवता येत नाही, मालिकेकडे बघावं लागतं.

ती मालिका आकड्यांत बघू. १८ जुलै १९८० ला भारताच्या एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. रॉकेटचं वजन १७ टन, पृथ्वीजवळच्या कक्षेत नेण्याची क्षमता ४० किलो. टनामागे अडीच किलोसुद्धा नाही. एलव्हीएम-३ ची तशाच जवळच्या कक्षेसाठीची क्षमता ८,००० किलो, म्हणजे टनामागे साडेबारा किलो. साधारण पाचपट. (चांद्रयान फार लांबट कक्षेत सोडलं होतं, म्हणून वरचा ०.६ टक्के या तुलनेत घेतला नाही. तुलना करताना कक्षा सारखी हवी. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.) 'आश्चर्य' या शब्दाने ही पाचपट वाढ दिसत नाही. एका साध्या भागाकाराने दिसते.

आणि ही वाढ आकाशातून पडलेली नाही. एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घनइंधनाचे होते. त्या इंधनाच्या रसायनशास्त्रात पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांनी थुंबाला अनेक वर्षं काम केलं. पुढे १९७९ ते १९८५ ते तिथल्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. आपण 'घनइंधन' म्हणतो तो पदार्थ म्हणजे रबरासारख्या पॉलिमरमध्ये घट्ट मळलेली ॲल्युमिनियमची भुकटी आणि अमोनियम परक्लोरेट. तो लगदा नीट मिसळला का, थिजताना त्यात बुडबुडा राहिला का, तडा गेला का, असे प्रश्न असतात. यातल्या कशाचंच पोस्टर होत नाही.

जमलं की आश्चर्य संपतं

दुसरा गुण दुर्मीळपणा. विरळा घडतं म्हणून आश्चर्य. अमेरिकेतल्या फाल्कन-९ रॉकेटने २०२४ या एका वर्षात १३० च्या आसपास उड्डाणं केली, आणि बहुतेक वेळा पहिला टप्पा परत येऊन उभा राहिला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये तो पहिल्यांदा उतरला तेव्हा जगभर बातमी झाली होती. आज झोपेतून उठून ते बघणारे फार थोडे. रॉकेट वाईट झालं का? उलट, ते एसटीसारखं झालं, ठरलेल्या वेळी सुटणारं आणि पोचवणारं. एसटी सुटली म्हणून कुणी फटाके लावत नाही, पण ती सुटली नाही तर अख्ख्या गावाचा खोळंबा होतो.

म्हणजे रॉकेट बनवणाऱ्यांचं ध्येय आणि 'आश्चर्य' हा किताब एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. त्यांना हवं असतं की उड्डाण कंटाळवाणं व्हावं. आपण टाळ्या वाजवायला तयार असतो ते मात्र उड्डाण थरारक असेल तरच.

इथे मराठी भाषाच आपल्याला मदत करते. 'मला आश्चर्य वाटतं' आणि 'हे आश्चर्य आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं बघणाऱ्याबद्दल आहे, दुसरं वस्तूबद्दल. वाटणं हे मला काय माहीत आहे यावर ठरतं. समीकरण कळलं की आकाराचं आश्चर्य ओसरतं आणि त्या उरलेल्या साडेचार किलोंचं सुरू होतं. वस्तू तीच असते. बघणाऱ्याचा गुण वस्तूला चिकटवणं ही चूक शोधनिबंधांतही दिसते : 'विशेष उल्लेखनीय परिणाम', 'अभूतपूर्व वाढ'. कुणाला उल्लेखनीय? कशाच्या तुलनेत अभूतपूर्व? तुमच्या सिनॉप्सिसमधली अशी विशेषणं पेन्सिलने खोडून बघा. खाली आकडा उरला तर ठीक. नाही उरला, तर ते वाक्यच नको होतं.

किताबाखाली काय झाकलं जातं

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येते. १२ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे जीएसएलव्ही-एफ १० हे रॉकेट उडालं. पहिले दोन टप्पे व्यवस्थित चालले. वरचा क्रायोजेनिक टप्पा मात्र पेटला नाही आणि ईओएस-०३ उपग्रह गेला. चौकशी समितीचा निष्कर्ष इस्रोने २०२२ मध्ये जाहीर केला : द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीत हवा तेवढा दाब तयार झाला नव्हता, कारण टाकीच्या एका व्हॉल्व्हमधून गळती होती, आणि त्याचं सर्वांत संभाव्य कारण म्हणजे त्या व्हॉल्व्हमधल्या मऊ सीलला झालेली इजा. सुधारणा झाल्या आणि २९ मे २०२३ ला पुढचं जीएसएलव्ही यशस्वी झालं.

एक सील. अमेरिकेचं चॅलेंजर यान २८ जानेवारी १९८६ ला सात जणांसह कोसळलं, त्याचंही मूळ घनइंधनाच्या बूस्टरच्या जोडातल्या रबरी रिंगेत होतं. थंडीत रबर ताठरलं आणि सांधा बंद झाला नाही. चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला होता.

माझं स्वतःचं पीएचडीचं काम पॉलिमरवर आहे. सीलसाठी वापरतात तसल्या रबराचे नमुने दाबून ठेवायचे, ओव्हनमध्ये घालायचे, काही आठवड्यांनी काढून ते मूळ जाडीवर किती परत येतात ते मोजायचं. परत घालायचे, परत मोजायचे. घरी विचारतात, "नेमकं करतेस काय?" तेव्हा "रबर म्हातारं कसं होतं ते बघते" एवढंच सांगता येतं. याला आठवं काय, आठशेवं आश्चर्यही कुणी म्हणणार नाही. पण ६४० टनांचं यंत्र असल्याच एखाद्या तुकड्याच्या भरवशावर उभं असतं.

आपल्या आसपास बघितलं तर हेच दिसतं. एलव्हीएम-३ च्या दोन मोठ्या घनइंधन बूस्टरच्या पोलादी नळकांड्यांचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये बनले आहेत, जिथला कारखाना आपल्याला साखर कारखान्यांच्या यंत्रांसाठी माहीत. मधल्या टप्प्यातल्या विकास इंजिनाचं काम विक्रोळीत गोदरेजकडे वर्षानुवर्षं झालंय. पनवेलहून सीएसएमटीची लोकल पकडून कुर्ल्याला गाडी बदलली की विक्रोळी. तिथला वेल्डर, त्याचं वेल्डिंग एक्स-रे लावून तपासणारा, 'हा भाग नापास' असं लिहिण्याची हिंमत असलेला इन्स्पेक्टर, यांच्यावर रॉकेट चालतं. 'आश्चर्य' म्हटलं की हे सगळे फ्रेमबाहेर जातात. आश्चर्य आपोआप घडतं, त्याला इन्स्पेक्टर लागत नाही!

दुसरी बाजू

या सगळ्यावर एक आक्षेप आहे, आणि तो मला टाळायचा नाही. 'अहो, आश्चर्य वाटल्याशिवाय पोरं विज्ञानाकडे वळतील कशी? पाचवीतल्या मुलाला समीकरण सांगणार का?' हे खरं आहे. २३ ऑगस्टची ती संध्याकाळ किती मुलांना भौतिकशास्त्राकडे घेऊन जाईल, हे कुठल्याच भागाकारातून निघणार नाही. उड्डाणाचा धूर बघून अंगावर काटा माझ्याही येतो. तो यायलाच हवा.

पण तुम्ही पाचवीत नाही. पीएचडी म्हणजे पाच वर्षांचा मामला. आश्चर्याच्या जोरावर आत आलेला माणूस दुसऱ्या वर्षी अडकतो, कारण दुसऱ्या वर्षी आश्चर्य नसतं. बंद पडलेलं उपकरण असतं, न आलेलं केमिकल असतं, तीनदा वेगवेगळा आलेला आकडा असतो, आणि कधीकधी न आलेली फेलोशिपही. तेव्हा टिकतो तो 'हा आकडा तीनदा वेगळा का आला?' या प्रश्नात अडकलेला माणूस. मुलाखतीत "हाच विषय का?" असं विचारलं की "विषय अद्भुत आहे" हे उत्तर पुरत नाही, ते याचसाठी. समोरच्याला जाणून घ्यायचं असतं की अद्भुत वाटणं संपल्यावर तुम्ही तिथे थांबाल का.

म्हणून माझा निकाल असा : आश्चर्य वाटू द्या, पण रॉकेटला आश्चर्य ठरवू नका. आश्चर्यांच्या यादीत पूर्ण झालेल्या वस्तू असतात. रॉकेट हा अजून चालू असलेला प्रयोग आहे, आणि प्रत्येक उड्डाण हे त्यातलं एक वाचन. एफ १० चं फसलेलं उड्डाणही त्या वहीत आहे, आणि माझ्या दृष्टीने त्या वहीतल्या सर्वांत उपयोगी पानांपैकी ते एक आहे.

आता तुमच्यासाठी काम. 'रॉकेट आश्चर्य आहे का?' या प्रश्नाचे असे तीन प्रश्न करा, ज्यांचं उत्तर मोजून देता येईल. नमुन्यादाखल माझे : टनामागे किती किलो? शंभर उड्डाणांत किती फसली, आणि त्यातली किती एकाच कारणाने? अपघातानंतर कारण लोकांसमोर यायला किती महिने लागले? तिसरा प्रश्न मुद्दाम घातलाय, त्याला प्रयोगशाळा लागत नाही, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि चिकाटी पुरते. तुमचे तीन लिहून झाले की हीच रीत स्वतःच्या विषयाला लावा. 'माझा विषय महत्त्वाचा आहे' असं सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर लिहिलं असेल, तर तिथूनच सुरुवात करा.